खोली विकण्याआधी बाबांना विचारलंस का?

"ताई, बाबांचा कॅन्सर हाडांत उतरलाय. डॉक्टर म्हणाले, आता केमो नको, घरी न्या. डोंबिवलीचा दादा म्हणतो, खोली विकू पण मोठ्या हॉस्पिटलात ठेवू. मी हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणाचं, नाव काढलं, तर 'बापाला टाकायला निघालीस' म्हणाला. नातू जागा होऊ नये म्हणून बाबा रात्री टॉवेल दाताखाली धरतात. काय करू?
– काळाचौकीची लेक"

लेकी, तो टॉवेल डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून आधी दुखण्याचं बोलू, पैशाचं नंतर.

अशा दुखण्यावर मॉर्फिन हे अफूपासून बनणारं औषध आहे. गोळी महाग नाही, पण नाक्यावरच्या केमिस्टकडे सहसा मिळत नाही. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा सैल झाला, तरी ती मान्यता असलेल्या ठिकाणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. 'सवय लागेल' या धास्तीपायी कितीतरी घरांत माणसं विव्हळत राहतात, याचा मला संताप येतो. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा वेळेवर दिली, तर ती भीती धरायचं कारण नाही. पोट साफ राहण्याचं औषध मात्र सोबत मागून घे. त्या गोळीने पोट धरतंच.

बाबांचे कागद टाटा हॉस्पिटलचे असतील तर तिथला पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं हलकं करणारा, विभाग गाठ. त्यांची माणसं घरीही येतात. पालकेअर ही संस्थासुद्धा मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांना घरी येऊन पाहते, पैसे घेत नाही. घरी झेपेनासं झालं, तर वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. 1986 साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. जात-धर्म न बघता फुकट ठेवून घेतात, आणि तिथे नर्स माणसाला कुशीवर वळवतात, तोंड पुसतात, जखमा धुतात. याला टाकणं म्हणत नाहीत गं. खाटा मोजक्या आणि सगळं देणग्यांवर, म्हणून आधी फोन करून जा.

दादा आयसीयूकडे का धावतो, तेही समजून घे. मेडिक्लेम बहुतेक ॲडमिट झाल्यावरच पैसे देतं. घरी येणारी नर्स, एअरबेड, ऑक्सिजन यांचं बिल खिशातूनच जातं. यंत्रांना पैसे आहेत, शुश्रूषेला नाहीत. हा दोष तुमच्या घराचा नाही. पण जी खोली विकून आयसीयूचं बिल भरायचं, तिथेच बाबांना आपल्या माणसांत राहायचं असेल तर?

तुझ्या पत्रात दादा काय म्हणतो ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे. बाबा काय म्हणतात ते कुठेच नाही. विचार त्यांना, नातू शाळेत गेल्यावर, शेजारी बसून. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहूनही ठेवता येतं. 2023 पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात.

दादाशी भांडू नकोस. शनिवारी त्याला मुक्कामाला बोलाव आणि वही-पेन हातात दे. कळ किती वाजता आली, किती वेळ टिकली, कशाने थांबली, हे रात्रभर त्याने लिहायचं. ओपीडीत डॉक्टर हेच विचारतील. सोमवारी ती वही आणि फाईल घेऊन दोघं मिळून जा.