कुक्कुटपालन प्रश्नोत्तरं : पिल्लू कितव्या दिवशी मेलं?

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे. रात्री चिवचिवणारी पिल्लं सकाळी पाय ताणून पडलेली. पत्र लिहिताना एक गोष्ट आवर्जून कळवत जा : कितव्या दिवशी किती मेली. त्यावरून निम्मं निदान होतं.

प्रश्न : गोराईला घरामागच्या पडवीत एक दिवसाची ३० गावठी पिल्लं आणली. दोन दिवस टुणटुणीत होती. तिसऱ्या दिवशी २, चौथ्या दिवशी ५, पाचव्या दिवशी ३ मेली. वर ९ वॉटचा एलईडी बल्ब आहे, खाली वर्तमानपत्र, खाद्याचं भांडं भरलेलं. दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात टेट्रासायक्लिन घातलं. हॅचरीने रोगट पिल्लं दिली का?

तुमचे आकडे पाहता रोगापेक्षा उपासमारीचा संशय जास्त येतो. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि तो त्याला दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून पहिले दोन दिवस सगळीच टुणटुणीत दिसतात. बलक संपेपर्यंत जे खायला शिकलं नाही, ते तिसऱ्या ते पाचव्या दिवसात जातं. भांडं भरलेलं असणं आणि पिल्लाच्या पोटात दाणा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ती खात का नव्हती? एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. गारठलेलं पिल्लू भांड्यापर्यंत चालत जात नाही, दुसऱ्याच्या अंगाखाली शिरून बसतं. त्यात औषधाने पाणी कडवट झालं की पिणंही कमी होतं. नेमका रोग कळल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. इथे तर ते बंदच करा.

तापणारे जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब आणा. जवळ मिळाले नाहीत तर लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, विचारा. पिल्लामागे साधारण २ वॉट धरतात, म्हणजे ३० पिल्लांना ६० वॉट लागतात. पण ६० चा एक लावण्यापेक्षा ४० चे दोन लावा. रात्री एक उडाला तर दुसरा असतो. बल्ब गादीपासून (खाली पसरलेल्या तुसाच्या थरापासून) एक ते दीड फुटावर, ऊब पडेल असा एका बाजूला टांगा. म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लांना दूर सरकता येतं. भोवती दीड फूट उंचीचा पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा गोल आडोसा करा. गोलच हवा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढतात आणि खालची चेंगरून मरतात.

थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून दोन इंचांवर ठेवा. पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघणं महत्त्वाचं. बल्बखाली गठ्ठा करून जोरात ओरडत असतील तर थंडी. आडोशाला चिकटून, पंख सोडून, चोच उघडी ठेवून धापत असतील तर उष्मा. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. गोराईच्या पडवीत रात्री खाडीचा वारा नक्की लागत असणार, तेव्हा त्या बाजूला गोणपाट सोडा. मात्र वरून हवा खेळती राहू द्या. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बल्ब चक्क बंद करावा लागतो. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात. खाली दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस घाला, त्यावर पहिले तीन दिवस गोणपाट. चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) गोणपाटावरच चिमटी-चिमटीने भुरभुरवा, भांडं बाजूला असू द्या. बोटाने टकटक केलंत की ती धावत येतात. खुडूक कोंबडी चोचीने करते तेच हे काम. पाणी कोमट द्या आणि भांड्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लू त्यात पडून भिजतं आणि भिजलेलं गारठतं. आल्या-आल्या प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा.

रात्री आठ-दहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपा. भिजवलेल्या मुगाच्या पुरचुंडीसारखी मऊ-भरीव लागली तर उत्तम. कडक खडा लागला तर खाद्य आहे पण पाणी कमी. नुसती डुळडुळली तर पाणीच प्यायलंय. रिकामी असलेली वेगळी काढून बल्बच्या जवळ, दाण्याच्या समोर ठेवा. खाद्य घातल्यापासून २४ तासांत जवळजवळ सगळ्यांची पिशवी भरलेली हवी.

हॅचरीला दोष द्यायचा तर चित्र वेगळं असतं. मरतूक पहिल्या दिवसापासून सुरू होते, पोट फुगलेलं, बेंबी ओली किंवा काळी खपली धरलेली, आणि घाण वास. बेंबीतून शिरलेल्या जंतूंनी बलक सडतो. अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत. ती वेगळी करा, मेलेल्यांचे फोटो काढा आणि खरेदीच्या पावतीसह लगेच कळवा. पावती घेतलीच नसेल तर बोलणं तिथेच संपतं.

प्रश्न : बाजारातून मुलांनी हट्टाने ४ रंगीत पिल्लं आणली. रात्रीत दोन गेली. तिसरं डोळे मिटून पडलंय, पाय थंड आहेत. चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. काय करू?

आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. हा क्रम उलटा करू नका. थंड पिल्लाच्या घशात पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं, आणि वाचवण्याच्या नादात पिल्लू तिथेच जातं. बुटाच्या खोक्यात कोरडं सुती फडकं घाला, खोक्याच्या निम्म्या भागात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा आणि पंखा बंद करा. पाय कोमट लागेपर्यंत, साधारण पाऊण तास, फक्त एवढंच. मान उचलायला लागलं की एक कप कोमट पाण्यात चहाचा एक चमचा गूळ विरघळवा आणि बोटाच्या टोकाने एकेक थेंब चोचीच्या कडेला लावा. ते स्वतः गिळेल तेवढंच. मीठ घालू नका. पिल्लांना ते चटकन जास्त होतं. दूधही नको. गुळाचं पाणी फक्त पहिल्या दिवशी, तेही दर चार तासांनी ताजं, कारण आपल्या हवेत ते लगेच आंबतं.

मग शेपटीखाली बघा. विष्ठा वाळून बूड बंद झालं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन-तीन मिनिटं धरून मऊ करा. ओढू नका, कातडी निघते. पुसून कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट लावा. बेंबीची खपली पोटाकडे असते, ती मात्र चुकूनही काढू नका.

ही पिल्लं बहुधा अंडी देणाऱ्या जातीतले नर असतात. हॅचरीला नको असलेले, म्हणून स्वस्त. रंगापेक्षा प्रवास, तहान आणि गारठा त्यांना मारतात. वाचलंच तर भात-पाव नको, चिक स्टार्टर आणा. त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. आणि दोन-अडीच महिन्यांनी हा कोंबडा पहाटे आरवायला लागेल, तेव्हा सोसायटीत काय सांगायचं ते आत्ताच ठरवा.

प्रश्न : आरे कॉलनीतल्या पाड्यावर २४ दिवसांची ४० पिल्लं. पावसाची झड लागल्यापासून विष्ठेत रक्त, पंख खाली सोडलेले, दोन दिवसांत ६ मेली.

तिसरा-चौथा आठवडा, ओली गादी आणि रक्त, हे रक्ती हगवणीचं, म्हणजे कॉक्सिडिओसिसचं चित्र आहे. विष्ठेतून पडलेली परजीवींची अंडी दमट उबेत एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात आणि पिल्लं तीच टिपतात. फिनाइलने ती मरत नाहीत. पशुवैद्यकाला दाखवून अँप्रोलियम हे त्यावरचं औषध सुरू करा. २० टक्क्यांची पावडर असेल तर ५ लिटर पाण्यात ६ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. मग १० लिटरला ३ ग्रॅम, आठवडाभर. तेवढे दिवस दुसरं पाणी समोर नको. आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, तेच तुम्ही वरून ओतलंत तर औषधाचा जोर जातो. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा आणि भांडं विटेवर ठेवा.

प्रश्न : १२ पिल्लांसाठी लस घेणं परवडतं का? आणि मेलेलं पिल्लू तपासून कुठे मिळेल?

कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते, म्हणून शेजारपाजारच्या पाळणाऱ्यांनी एकत्र येऊन एकाच दिवशी लस देऊन घ्या. मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरोची (हाही पिल्लांचा विषाणूजन्य रोग) लस, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा. कुपी बर्फाच्या थर्मासातून आणा आणि सोबत मिळणाऱ्या द्रावणातच मिसळा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने लस मरते. मिसळल्यावर दोन तासांत संपवा.

तपासणीसाठी परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; आधी फोन करून जा. पिल्लू मेल्यावर शक्य तितक्या लवकर दुहेरी पिशवीत, बर्फात ठेवून न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, आतले अवयव तपासण्याजोगे राहत नाहीत. मात्र मोठ्या कोंबड्याही एकाएकी, एकापाठोपाठ एक मरत असतील, तुरे निळे पडले असतील, तर काहीही उचलून कुठेही नेऊ नका. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू सापडला तेव्हापासूनचा नियम तोच आहे : हात लावायचा नाही, फाडायचं नाही, पशुसंवर्धन विभागाला कळवायचं आणि त्यांची माणसं येईपर्यंत खुराड्याचं दार लावून ठेवायचं.