पहिला अर्ज देण्याआधी

सरकारी कारभाराविरुद्ध पहिल्यांदाच तक्रार करायला निघालात, तुमचा संताप कळतो, पण सरकारी दप्तरात संतापाची नोंद होत नाही, कागदाची होते. सध्या एवढंच करा:

- तोंडी तक्रार नको. अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज असाच ‘हरवला’. पोच नव्हती, भांडणार कशावर?
- माहिती अधिकारात ‘असं का केलं?’ विचारू नका. आदेशाची प्रत मागा, फाइलवरच्या टिपण्या मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. नवखे नेमके इथेच कंटाळतात आणि समोरच्याला तेच हवं असतं.
- अटक झालीच तर कारण विचारा, वकील मागा. प्रतिबंधक स्थानबद्धता (गुन्हा घडू नये म्हणून आधीच डांबणं) वगळता, संविधानाच्या कलम 22 नुसार प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावंच लागतं.

कलम 226, रिट (थेट उच्च न्यायालयात दाद मागणं) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि कोठडीतल्यांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि हो, कचेरीत एकटे जाऊ नका. शेजारी कुणी वही उघडून बसलं, की साहेबांचा आवाज आपोआप खाली येतो.