वॉर्डात सुचलेली कल्पना आणि खचलेली उमेद

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिकल वॉर्डच्या पोस्टिंगला वाचता न येणारे पेशंट डिस्चार्ज घेताना गोळ्यांच्या वेळा विसरतात हे पाहिलं आणि सूर्य-चंद्राची चित्रं काढून तक्ता बनवला. इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आधी बेड मेकिंग नीट शिका." तेव्हापासून ड्यूटीवर जावंसं वाटत नाही. नर्सिंग सोडून हॉस्पिटल मॅनेजमेंटला जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : सोडू नकोस. घरी गेल्यावर पेशंटचं काय होईल, हा विचार तुला तिसऱ्याच वर्षी सुचला, आणि नर्सिंगमधली नवी गोष्ट बहुतेक वेळा अशाच निरीक्षणातून येते.

काविळीच्या बाळांना निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, ते तू पाहिलंच असशील. त्याची सुरुवात 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांच्यामुळे झाली. त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं अंग उजळलं होतं आणि चादरीच्या टोकाखालचा भाग तेवढा पिवळा राहिला होता, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांना आधी वाटलं, अंगाला काहीतरी लावलंय. पुढे तपासण्या झाल्या आणि 1958 मध्ये, प्रकाशानं कावीळ उतरते हा शोध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

अमेरिकेतले अभ्यासक फ्रेड लुथान्स यांनी माणसाच्या मानसिक भांडवलात चार गोष्टी धरल्या: आशा, आत्मविश्वास, पुन्हा उभं राहण्याची ताकद आणि आशावाद. हे भांडवल वाढवता येतं, असं ते सांगतात. तुझ्या पत्रावरून वाटतं, त्यातला आत्मविश्वास दुखावलाय. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते तो सगळ्यात जास्त वाढतो स्वतः काम तडीस नेल्यानं. म्हणून पुन्हा प्रयत्न कर, पण लहान प्रमाणात.

आशेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या मांडणीत आशा म्हणजे नुसती इच्छा नव्हे. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधता येणं हाही तिचाच भाग. तुझी दुसरी वाट ट्यूटर मॅडमकडून जाते. तक्ता त्यांना दाखव. त्यांच्यामार्फत, ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरची गडबड संपल्यावर, इनचार्जची परवानगी घे. परवानगीशिवाय मात्र एकाही पेशंटच्या हातात तो देऊ नकोस, कारण डिस्चार्जच्या वेळी डोस बदललेला असू शकतो आणि चित्रातली एक चूक जिवावर बेतू शकते. मग चार-पाच पेशंटना तक्ता समजावून, "आजी, ही गोळी कधी घ्यायची, मला सांगा बरं," असं विचार. कोण कुठे अडखळलं ते लिहून ठेव. गोळी अर्धी असेल तर? उपाशीपोटी असेल तर? अशा ठिकाणी तुझं चित्र बदलावं लागेल, आणि खरं काम तिथेच आहे. चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला हाच विषय घेता येईल. तुझ्या गटाशी आत्तापासून बोल.

सिस्टरांच्या अंगावर त्या वेळी कदाचित अख्खा वॉर्ड असेल, पण म्हणून चारचौघांत बोलणं योग्य ठरत नाही. मन खंबीर करायचं म्हणजे अपमान गिळत राहायचं, असं मी तुला कधीच सांगणार नाही. हे वारंवार होत असेल तर क्लास कोऑर्डिनेटरना सांग. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन कर.

राहिला हॉस्पिटल मॅनेजमेंटचा प्रश्न. त्यातलं एम.बी.ए. सहसा पदवीनंतरच करता येतं, त्यामुळे इथे पदवी अर्धवट सोडलीस तर ती वाटही अवघड होईल. शिवाय मोठ्या रुग्णालयांच्या क्वालिटी आणि इन्फेक्शन कंट्रोल विभागांत नर्सेसही काम करतात, आणि तुझ्यासारखी नजर तिथे रोज कामी येते. पदवीनंतर नोकरीच्या मुलाखतीला जाशील तेव्हा तूही त्यांना विचार: तुमच्याकडे स्टाफ नर्सनं एखादी सूचना केली, तर तिचं पुढे काय होतं?