इलेक्ट्रिक पिकअपच्या चाकाची कॅप टायरवर का चढवली होती आणि तशी कॅप आपण बसवावी का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. टेस्लाच्या सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपच्या सुरुवातीच्या गाड्यांना चाकाची कॅप रिम ओलांडून थेट टायरच्या बाजूवर कशासाठी आणली होती, ही पहिली. आणि तशाच दिसणाऱ्या कॅप बाजारातून आणून आपल्या इलेक्ट्रिक मोटारीला लावाव्यात का, ही दुसरी. कोल्हापुरात महामार्गालगत माझे टायर व अलाइनमेंटचे दुकान आहे. सायबरट्रक माझ्या रॅम्पवर कधी चढलेला नाही आणि तो भारतात विकलाही जात नाही, परंतु कॅप आणि टायर यांचे वैर मी पुष्कळदा जवळून पाहिले आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

ही गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकांना दाखवली गेली आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी टेक्सासमधील ऑस्टिन येथे पहिल्या ग्राहकांच्या हाती पडली. टायर गुडइयरचा, रँग्लर टेरिटरी जातीचा, २८५/६५ आर २० मापाचा. म्हणजे रुंदी २८५ मिलिमीटर, रिम २० इंची आणि उभ्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, सुमारे १८५ मिलिमीटर. एरवी कॅप रिमच्या काठावर संपते. येथे मात्र कॅपची टोके पुढे निघून टायरच्या बाजूवर टेकत होती, आणि टायरच्या रबरातही त्या टोकांना जुळणारे उंचवटे मुद्दाम ओतलेले होते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला रिम कोठे संपली आणि टायर कोठे सुरू झाला हे कळत नसे. गाडीचा बाकीचा साचा पत्र्याला घड्या घालून केल्यासारखा कोनदार असल्याने हे चाक तिला शोभत होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

केवळ शोभेसाठी हा खटाटोप नव्हता. चाकाच्या आऱ्यांमधील पोकळ्या फिरताना हवा घुसळतात, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने महामार्गावर त्याची किंमत चांगलीच मोजावी लागते. या गाडीची बॅटरी सुमारे १२३ किलोवॉट-तासांची आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते हे लक्षात घेतले, तर एवढ्या मोठ्या बॅटरीत भरलेला ऐवज फक्त १४ लिटर पेट्रोलइतका ठरतो, आणि तेवढ्यावर सुमारे तीन टनांची गाडी पळवायची असते. विजेची मोटर इंजिनापेक्षा फार कमी ऊर्जा वाया घालवते म्हणून हे जमते, पण वाऱ्यावर सांडणारी वीज वाचवण्याचा मोह निर्मात्याला का होतो, हे यावरून समजावे. शिवाय वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करत असल्याने ब्रेक कमी तापतात आणि चाक बरेच झाकून टाकले तरी चालते.

खरी अडचण पुढे आहे. आमच्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान वळवतो, लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेल्या अवस्थेत चाकावर ठोकून बसवतो आणि लगेच पाणी ओततो. लोखंड आकसते आणि तुंबा, आरे, पुठ्ठे यांना असे आवळून धरते की चाक आणि धाव एकजीव होतात. तेथे हे साधते, कारण दोन्ही कडक असतात. हवेचा टायर तसा नाही. तो जमिनीला जेथे टेकतो तेथे वजनाने दबून त्याची बाजू बाहेर फुगते, आणि तो भाग वर गेला की पुन्हा आत जातो. वरील मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ३६० फेरे घेतो. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर धरले तर टायरच्या बाजूचा प्रत्येक इंच त्या एका प्रवासात ८२ हजारांहून अधिक वेळा फुगतो आणि बसतो. कॅप मात्र रिमला पकडून निश्चल असते. फुगणाऱ्या रबरावर न हलणारे टोक टेकवले तर घासण्यावाचून दुसरे काय होणार? झालेही तसेच: सुरुवातीच्या मालकांना टायरच्या बाजूवर कॅपचे व्रण दिसू लागले, २०२४ च्या प्रारंभी कंपनीने त्या कॅप देणे थांबवले आणि पुढे टायरवर न चढणाऱ्या नव्या कॅप आणल्या.

असा व्रण कसा दिसतो ते सांगतो. मागे एका पावसाळ्यात एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांनी मागवलेल्या कॅपचा काठ रिमच्या बाहेर जेमतेम अर्धा इंच येत होता. गाडी गगनबावड्याच्या बाजूला नेहमी जाणारी. कॅप उचकटली तर आतून तांबड्या मातीचे वाळलेले कडे निघाले आणि त्याखाली टायरवर बांगडीसारखी गोल खाच पडलेली होती. नख फिरवले की ते खाचेत अडकत होते. कॅपचे प्लास्टिक एकटे एवढे काम करत नाही. काठाखाली शिरलेले पाणी आणि रेतीमिश्रित चिखल पॉलिश पेपरसारखे घासतात. टायरची बाजू हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. नक्षीकडील भागात रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, पण बाजूला बहुतेक मोटारींच्या टायरमध्ये फक्त धाग्याचे थर असतात, म्हणून बाजूच्या कटाला आम्ही पॅच लावत नाही. त्या गृहस्थांना चारपैकी दोन टायर बदलावे लागले.

टायरवाला म्हणून आणखी एक शंका मला छळते. बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या आतल्या कडेला, साबणपाणी लावून बसवलेला टायर वाळण्याआधी गाडी दामटली, तर तो रिमवर बोटभर सरकू शकतो. व्हॉल्व्हजवळ खडूची रेघ मारून ठेवली तर हे डोळ्यांना दिसते. विजेच्या मोटरचा जोर तर पहिल्या क्षणापासून लागतो. असे असताना टायरवरचा उंचवटा आणि कॅपचे टोक यांची जोडी जमवून ठेवायची म्हणजे दुकानदाराला एक नवे व्रत लावण्यासारखे आहे. बॅलन्सिंगच्या वेळी, म्हणजे चाक समतोल फिरावे म्हणून रिमला वजने लावताना, जादा शिसे लागू लागले की आम्ही टायर रिमवर फिरवून दुसऱ्या जागी बसवतो. येथे ती सोयही उरत नाही. आणि दुसऱ्या बनावटीचा टायर घातला, तर तो उंचवटाच नसणार.

टायरची कंपनी आणि गाडीची कंपनी यांनी एकत्र बसून चाक आखले, ही कल्पना मला आजही आवडते. सांधा तेवढा हलत्या भागावर आला.

आपल्या गाडीसाठी रिमच्या काठाच्या आतच संपणारी, शक्यतो गाडीच्या कंपनीचीच कॅप घ्यावी. तरीही बाहेरची आणलीच, तर ती बसवून हवा ठरलेल्या दाबाची ठेवावी, चार माणसे गाडीत बसवावीत आणि टायर जमिनीला टेकतो त्या बाजूला खाली वाकून कॅपचा काठ आणि रबर यांच्यामध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून पाहावा. चारही चाकांना तो सहज फिरला पाहिजे. एका जागी जरी अडला, तरी कॅप परत करावी. काठ कापून ती बसवून देण्याची विनंती माझ्याकडे अनेकांनी केली आहे, पण कापलेली कड आणखी धारदार होते.