ट्रेमोलो मधेच उलटा का पडतो?

प्रश्न: सर, घरीच एक गाणं रेकॉर्ड करतोय, ९२ बीपीएम (मिनिटाला ९२ बीट), सगळं क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वाजवलंय. कीबोर्डच्या पॅडवर (मागे लांबत राहणाऱ्या सुरांवर) ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट टाकला, दर बीटला आवाजाचा एक झोका हवा म्हणून हिशोब करून रेट १.५३ हर्ट्झ ठेवला. सुरुवातीला मस्त बसतो पण अडीच मिनिटांनंतर ऐकलं तर सगळं उलटं, बीटवर आवाज खाली आणि मधल्या जागेत वर. टेम्पो कुठेच बदललेला नाही. प्लगइन गंडलंय का?

उत्तर: प्लगइन बिचारं सांगितलेलं काम करतंय. तुमचं सूत्रही बरोबर, बीपीएम भागिले ६०. पण ९२ ला ६० ने भागलं की १.५३३३... असं येतच राहतं आणि तुम्ही १.५३ वर थांबलात, तिथेच मेख आहे. राहिलेला फरक म्हणजे दर सेकंदाला झोक्याचा तीनशेवा भाग, कानाला कळणारच नाही, पण तो साठत जातो आणि १५० सेकंदांत अर्धा झोका मागे पडतो, म्हणजे तुमची अडीच मिनिटं! (गाणं पाच मिनिटांचं असतं तर शेवटी परत आपोआप जुळलं असतं आणि तुम्ही अजूनच चक्रावला असतात.)

म्हणून हर्ट्झचा नाद सोडा, सिंक बटण ऑन करा आणि १/४ (म्हणजे दर बीटला एक झोका) निवडा, मग प्लगइन टेम्पो सॉफ्टवेअरकडूनच घेतं. बटणच नसेल तर निदान १.५३३ टाका, मग अर्धा झोका चुकायला २५ मिनिटं लागतील, चालतंय की.

आता सिंक करूनही एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते लोक जास्त इथेच अडकतात. रेट जुळला म्हणजे फेज (झोका नेमका कुठल्या टप्प्यावरून सुरू होतो ते) जुळली असं नाही. झोका चालवणारी साइन वेव्ह शून्य अंशाला मधल्या लेव्हलवर असते आणि तिथून चढते, शिखर येतं पाव झोक्यानंतर, तुमच्या टेम्पोला साधारण १६३ मिलिसेकंद उशिरा. समेवरच आवाज पूर्ण हवा असेल तर स्टार्ट फेज ९० अंश करा. आणि गाणं दर वेळी वेगळ्या जागेवरून प्ले केलं की झोका वेगळाच पडत असेल तर एलएफओ (ही झोका चालवणारी मंद लहर) मोकाट चाललाय, रीट्रिगर किंवा तशा नावाचा जो ऑप्शन असेल तो लावा.

प्रश्न: मग कोरस (आवाज जाड करणारा इफेक्ट), व्हायब्रॅटो (सूर वर-खाली हलवणारा) सगळंच सिंक करायचं का? आणि क्लिकशिवाय वाजवलेल्या गाण्याचं काय?

उत्तर: अजिबात नको! व्हायब्रॅटो तसाही सेकंदाला पाच-सहा झोके वगैरे असतो, तो बीटला बांधला की यंत्रासारखा वाटतो, आणि हलक्या कोरसमधे कुणाला ताल ऐकूच येत नाही. सिंक लागतं ते ट्रेमोलो, ऑटोपॅन (आवाज डावी-उजवीकडे फिरवणारा), फिल्टर स्वीप (आवाज हळूहळू उघडत-मिटत नेणारा) यांना, कारण तिथे झोका हाच ठेका होतो. ४ बारचा (चार-चार बीटचे चार बार, म्हणजे १६ बीट) स्वीप तर तुमच्या टेम्पोला १०.४ सेकंदांचा, म्हणजे ०.१ हर्ट्झच्याही खाली, तो नॉबने लावत बसू नका.

क्लिक नसेल तर आधी टेम्पो मॅप (गाण्यात टेम्पो कुठे किती आहे त्याचा नकाशा) बनवा, बीट पकडून ग्रिड गाण्यावर बसवा, मग सिंक. नुसता टॅप टेम्पो (बटण तालात दाबून एकच टेम्पो ठरवणं) करून भागत नाही, वाजवणारा अंतऱ्यात थोडा जरी पळाला की झालं.