तो एक फ्री थ्रो आणि अख्खा सीझन

प्रश्न : दादा, मी अमेरिकेत एमएस केलं त्याला पंधरा वर्षं झाली, पण कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचं वेड काही सुटलं नाही. यंदा आमची टीम २६ मॅच जिंकून चौथ्या सीडवर (म्हणजे गटात चौथं मानांकन, आकडा मोठा तेवढी टीम कमजोर) एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय टुर्नामेंटला गेली आणि पहिल्याच राउंडला तेराव्या सीडकडून दोन पॉइंटनी हरली. शेवटची तीसेक सेकंद उरलेली, आम्ही एका पॉइंटने पुढे, आमच्या सीनियर (शेवटच्या वर्षाच्या) गार्डला वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा) मिळाला आणि पहिलाच फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर. लगेच त्यांनी थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारला, खेळ खलास. मी इतका ओरडलो की माझा ११ वर्षांचा मुलगा उठून आत निघून गेला. रात्री त्या प्लेअरच्या इन्स्टावर नको ते लिहिलं, सकाळी डिलीट केलं. आठवडा झाला तरी डोक्यातनं जात नाहीये. कोचला काढायला हवं असंही वाटतं. ह्याकडे नीट बघायचं कसं?
— एक वाचक

उत्तर : वाईट वाटतंय ना, मग वाटू द्या. "एक गेम तर आहे, सोड ना" म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. नोव्हेंबरपासून तुम्ही त्या पोरांबरोबर जगताय, कोण डावीकडे जास्त जातो, कोण दमला की डिफेन्समध्ये ढिला पडतो हे सगळं तुम्हाला पाठ, आणि ते एका दुपारी धाडकन संपतं तेव्हा जीवाला लागणारच. पण ह्यात वड्याचं तेल वांग्यावर निघालं, एकदा त्या पोरावर आणि एकदा तुमच्या मुलावर, आणि मला वाटतं आठवडाभर तुम्हाला खरं तेच टोचतंय.

तुमचं पत्र वाचलं आणि मला लगेच व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचा गार्ड किहे क्लार्क आठवला. २०१९, एलिट एट (शेवटच्या आठ टीमचा राउंड), व्हर्जिनिया विरुद्ध पर्ड्यू. जेमतेम सहा सेकंद उरलेली, व्हर्जिनिया दोननी मागे, त्यांच्या टाय जेरोमचा फ्री थ्रो चुकला, त्यांच्याच ममादी डियाकिटेने बॉल कसाबसा टॅप केला तर तो उडाला थेट मागे, हाफ कोर्टच्याही पलीकडे. आता संपलं असंच वाटत होतं. तर हा क्लार्क, फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा), कोर्टवरचा सगळ्यात बुटका पोरगा, धावत जाऊन बॉल पकडतो आणि पळता पळता लांबलचक पास परत डियाकिटेकडे फेकतो, त्याचा शॉट बझरबरोबर आत, ७०-७०. ओव्हरटाइममध्ये ८०-७५ असे जिंकले आणि पुढे ८ एप्रिलला टेक्सास टेकला ८५-७७ हरवून चॅम्पियन झाले.

आता २०२३. तोच क्लार्क, आता पाचव्या वर्षाचा. पहिला राउंड, व्हर्जिनिया चौथा सीड, समोर तेरावा सीड फर्मन, म्हणजे अगदी तुमच्यासारखंच. शेवटची काही सेकंद, व्हर्जिनिया दोननी पुढे, बॉल हातात धरून फाउल घेतला असता तरी चाललं असतं. क्लार्कला दोघांनी कोपऱ्यात गाठलं, त्याने घाईत बॉल उंच मधल्या कोर्टकडे फेकला, फर्मनच्या हातात पडला, एक पास, एक थ्री, ६८-६७. म्हणजे पोरगा तोच आणि घाईत फेकलेला लांबचा पासही तसाच. आता मला सांगा, क्लार्क नक्की कोण, २०१९ चा की २०२३ चा? मी तर म्हणेन की पाच सीझन त्याने जे बॉल हँडलिंग आणि डिफेन्स केलं तो क्लार्क, ह्या दोन पासांमधल्या हजारो मिनिटांतला. तुमच्या सीनियरलाही असंच मोजा, चार वर्षं मोजा.

वन-अँड-वन हा प्रकारही जरा समजून घ्या, कारण तो क्रूर आहे. पहिला गेला तरच दुसरा मिळतो, त्यामुळे चारातले तीन टाकणारा चांगला शूटरसुद्धा चारात एकदा शून्य घेऊन परत येतो. सीझनभर हे जुळून येतं, कारण तीसेक मॅच असतात, पण इथे एकच मॅच, ४० मिनिटं, हरलात की घरी. एनबीएच्या प्लेऑफसारखी बेस्ट ऑफ सेव्हन सिरीज नाही की परवा परत उतरून हिशोब चुकता करू. ६८ टीम उतरतात आणि शेवटची मॅच जिंकून घरी जाते ती एकच.

पण सगळं नशिबावर ढकलायचं असंही नाही हं, ते मला तितकंच खोटं वाटतं. २०१८ ला हीच व्हर्जिनिया ३१-२ रेकॉर्ड घेऊन आली आणि सोळाव्या सीडच्या यूएमबीसीकडून ७४-५४ अशी हरली, पुरुषांच्या टुर्नामेंटमध्ये पहिल्या सीडचं असं पहिल्यांदाच झालं. त्यांचा डिआँड्रे हंटर मनगट मोडून बाहेर होता, थ्री २२ मधले ४ च गेले, इथवर दुर्दैव म्हणू. पण हाफटाइमला २१-२१ होतं आणि पुढच्या २० मिनिटांत त्यांनी ५३ पॉइंट खाल्ले, ते दुर्दैव नव्हतं. हळू खेळणारी टीम होती ती, मागे पडल्यावर भराभर पॉइंट करून पाठलाग करायची सवयच नव्हती. तर तुम्हीही एकदा डोकं शांत झाल्यावर तुमच्या मॅचचा बॉक्स स्कोअर (आकड्यांचा तक्ता) उघडा, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले बॉल) किती, समोरच्यांना ऑफेन्सिव्ह रिबाउंड (त्यांचा चुकलेला शॉट परत त्यांच्याच हातात) किती दिले, बेंचवरून किती पॉइंट आले ते बघा. दोन पॉइंटनी हरलेल्या मॅचमध्ये असे सात-आठ क्षण सापडतात जिथे एक बास्केट सहज वाचली असती, पण ते पहिल्या हाफमध्ये होऊन गेलेले असतात म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि अख्खं खापर त्या एका फ्री थ्रोवर फुटतं.

त्या कमेंटबद्दल. डिलीट केलीत ते बरं केलंत, पण त्याने वाचली नसेलच असं नाही, हरल्यावर लॉकर रूममध्ये पोरं पहिला फोनच बघतात. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, त्याच्या कॉलेज करिअरचा तो शेवटचा दिवस होता. मेसेज करायचा तर दोन ओळींचा करा, सॉरी म्हणा आणि चार वर्षं खेळलास त्याबद्दल थँक यू म्हणा, तुम्हाला किती दुःख झालं ते त्याला सांगू नका. उत्तराची वाट बघू नका.

मुलाला मात्र समोर बसवून सरळ सांगा की त्या दिवशी मी चुकलो. आणि मग त्याच्याबरोबर फेब्रुवारीतली एखादी जिंकलेली मॅच परत लावा, तो सीनियर चांगला खेळला होता ती. तो मुलगाही सीझनभर तुमच्या शेजारी बसून बघत होता ना, त्याच्या डोक्यात तुमचं ते ओरडणं शेवटचं राहायला नको.

कोचला काढायचं का? पहिल्याच राउंडला हरले एवढ्यावरून तरी मी नाही म्हणेन. पर्ड्यूच्या कोचचं, मॅट पेंटरचं बघा, २०२१ ला तेराव्या सीडकडून हरला, २०२२ ला दोन राउंड जिंकून पंधराव्या, २०२३ ला सोळाव्या सीडच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८. लागोपाठ तीन वर्षं. काढा म्हणणारे कमी नसणार तेव्हा. कॉलेजने ठेवला, त्यांचा स्टार खेळाडू झॅक ईडी परत आला आणि २०२४ ला ते फायनलला पोचले. तिथे यूकॉनने ७५-६० असं हरवलं, पण पोचले. तुमच्या कोचबद्दल ठरवायचंच असेल तर एप्रिलमध्ये बघा, ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडल्यावर कोण सोडून जातंय आणि कोण थांबतंय. कोच कसा आहे हे त्याच्याकडे खेळणाऱ्या पोरांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.