जुन्या ट्रेलरचा अ‍ॅव्हरेज पडलाय? आधी हे बघ

भावा, लगेच इंजिनचा डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खोलायला नको देऊस, तो खर्च सगळ्यात शेवटी. आधी अ‍ॅव्हरेज खरंच पडलाय का ते बघ, एकाच पंपावर टाकी काठोकाठ फुल कर, गाडी चालव, परत तिथेच फुल कर आणि लिटर मोज, आणि असं निदान तीन फेऱ्या कर, कारण न्हावा शेवाहून भरलेला कंटेनर घेऊन कसारा घाट चढणं आणि रिकामं परत येणं यात जमीन-अस्मानाचा फरक. टायरचा साइज बदलला असेल तर किलोमीटरच चुकीचे दिसतात हेही लक्षात ठेव.

मग ब्रेक. जुन्या गाडीत हेच जास्त निघतं. पन्नासेक किलोमीटर चालवून थांब आणि प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात ने (लावू नकोस, भाजेल!), एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे ब्रेकचा लायनर घासतोय नाहीतर बेअरिंग गेलंय. माझ्या गाडीत मी दोन महिने डिझेल पंपाला शिव्या देत होतो आणि निघालं काय, तर ट्रेलरच्या मागच्या एक्सलचा ब्रेक कुणीतरी जरुरीपेक्षा टाइट केलेला.

चढावर काळा धूर मारते का? मग एअर फिल्टर आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा) ते इंटरकूलरचे (ती हवा थंड करणारा) होज बघ, इंजिनला रेस देऊन साबणाचं पाणी मारलं की लीक बुडबुड्यांनी दिसू शकतो, नुसत्या आयडलवर टर्बोचा दाब जवळपास नसतो. टायरची हवा थंड असतानाच चेक कर. आणि टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना? डिझेल चोरीला गेलं तरी अ‍ॅव्हरेज पडलेलाच दिसतो.